पीसीओएस आणि वनस्पतिजन्य संयुगे : रक्तातला फरक आणि लक्षणांतला फरक

पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजेच पीसीओएस, या विकारात अनियमित पाळी, चेहऱ्यावरचे राठ केस, मुरुमे आणि गर्भधारणेतील अडचण ही लक्षणे परस्परांपासून निराळी वाटली, तरी अनेक स्त्रियांमध्ये त्यांच्या मुळाशी इन्सुलिन असते. पेशी इन्सुलिनला नीट प्रतिसाद देईनाशा झाल्या, की स्वादुपिंड ते अधिक स्रवू लागते. हे जादा इन्सुलिन अंडाशयाला टेस्टोस्टेरॉनसारखी अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी, संप्रेरके जास्त बनवायला लावते, शिवाय टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवणारे प्रथिन यकृतात कमी तयार होते. ही साखळी कुठे तोडता येईल, याचा शोध घेतानाच संशोधकांचे लक्ष वनस्पतींतील काही संयुगांकडे गेले.

त्यांपैकी सर्वांत कसून तपासले गेलेले संयुग म्हणजे दारुहळदीच्या कुळातील वनस्पतींत आढळणारे पिवळे बर्बेरिन. ते पेशींतील एएमपीके नावाचे विकर (एन्झाइम) जागृत करते आणि साखरेचा वापर सुधारते. पीसीओएससाठी सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिनही पेशीत काहीसे असेच काम करते, आणि त्याचा उगमही गॅलेगा नावाच्या वनस्पतीतील संयुगाच्या अभ्यासातच आहे. त्यामुळे बर्बेरिनबद्दलची अपेक्षा निराधार नव्हती. परंतु वंध्यत्वासाठी उपचार घेणाऱ्या ६४४ स्त्रियांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लेट्रोझोल या बीजोत्सर्ग (अंडाशयातून स्त्रीबीज बाहेर पडणे) घडवून आणणाऱ्या औषधाने ३६ टक्के स्त्रियांना अपत्यप्राप्ती झाली, लेट्रोझोल व बर्बेरिन एकत्र घेणाऱ्यांत हे प्रमाण ३४ टक्के होते, तर नुसत्या बर्बेरिनने ते २२ टक्क्यांवरच राहिले. साखरेच्या चयापचयावर परिणाम करणारे संयुग बीजोत्सर्गाच्या औषधाची जागा घेईलच असे नाही, हे यातून स्पष्ट दिसते.

स्पिअरमिंट या पुदिन्याच्या जातीची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४२ स्त्रियांपैकी काहींना तीस दिवस रोज दोनदा त्याचा चहा देण्यात आला, तेव्हा त्यांचे टेस्टोस्टेरॉन खरोखरच घटले आणि केसांचा त्रास कमी झाल्याचे त्यांनी स्वतः सांगितले. मात्र तपासणाऱ्यांनी प्रमाणित पद्धतीने केलेल्या मोजणीत केसांच्या वाढीत फरक आढळला नाही. यात आश्चर्य नाही, कारण केसांचे चक्र इतके संथ असते की प्रभावी औषधाचाही परिणाम दिसायला साधारण सहा महिने लागतात. म्हणूनच केवळ रक्तचाचणीच्या आकड्यावरून एखाद्या उपायाला गुणकारी ठरवणे मला घाईचे वाटते.

धान्ये व कडधान्ये यांत असलेले आणि शरीरातही तयार होणारे मायो-इनोसिटॉल पेशीच्या आत इन्सुलिनचा संदेश पुढे पोहोचवायला मदत करते. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार त्याचे पुरावे मर्यादित असले तरी धोका कमी असल्याने स्त्रीच्या इच्छेनुसार त्याचा विचार करता येतो. अवांछित केस आणि पोटावरची चरबी यांसाठी मात्र मेटफॉर्मिनला प्राधान्य द्यावे, असे त्यांत म्हटले आहे.

वनस्पतीतून आलेले म्हणून निर्धोक, हा समज घातक ठरू शकतो. बर्बेरिन यकृतातील औषधे मोडणाऱ्या विकरांना अडवते, त्यामुळे इतर औषधांची रक्तातील पातळी वाढू शकते. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन रक्तदाब वाढवते आणि पोटॅशियम घटवते. बर्बेरिन गरोदरपणात टाळायचे असते, आणि पीसीओएसमध्ये पाळी महिनोन्‌महिने चुकत असल्याने गर्भ राहिल्याचे उशिरा लक्षात येऊ शकते. म्हणून मूल हवे असणाऱ्या स्त्रीने ते सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारावे आणि पाळी लांबली की प्रथम गर्भधारणेची चाचणी करावी.