मोफत डेटाबेस की मुक्त डेटाबेस?

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत्याला पोस्टग्रेसक्यूएल, म्हणजे नोंदी साठवणारं एक सॉफ्टवेअर, समजावताना 'हा मोफत डेटाबेस आहे' हे वाक्य चटकन तोंडी येतं. ते खोटं नाही. पण समोरून लगेच विचारलं जातं, 'किती दिवस मोफत?' कारण मोफत म्हटलं की किंमत कळते, हक्क कळत नाही.

ओरॅकल कंपनीच्या डेटाबेसची २१सी एक्स्प्रेस एडिशनही मोफतच आहे. तिच्यात आपला डेटा १२ जीबीपर्यंत, रॅम २ जीबी आणि सीपीयूचे २ थ्रेड एवढीच मुभा, आणि तिचा कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, आपल्या हाती येत नाही. पोस्टग्रेसक्यूएलचा परवाना अशी मर्यादा घालत नाही. म्हणून तो मुक्त: कोड वाचा, बदला, वाटा, विकासुद्धा. अट एवढीच की कॉपीराइटची सूचना आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीसोबत राहिला पाहिजे.

आपल्याकडे हा फरक बियाण्यावरून पटकन कळतो. हायब्रीड मक्याची पिशवी कुणी फुकट दिली, तरी पुढच्या हंगामाला पुन्हा पिशवीच लागते. सोयाबीनचं बी मात्र घरी राखता येतं, भावकीत देता येतं. अर्थात ते चाळावं लागतं, शंभर दाणे गोणपाटात ठेवून किमान सत्तर उगवतात का ते बघावं लागतं. डेटाबेसचंही तसंच आहे: सर्व्हर, बॅकअप आणि सांभाळणारा माणूस यांना पैसे लागतात. हे पहिल्याच भेटीत सांगावं, नाहीतर दोन महिन्यांनी 'तुम्ही तर फुकट म्हणाला होता' हे ऐकावं लागतं.

'मुक्त' शब्दही एके ठिकाणी घात करतो. ऐकणाऱ्याला वाटतं, आपल्या पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाचे हिशेब) आणि उधाऱ्या आता कुणीही वाचणार. म्हणून 'कोड खुला, डेटा तुमचाच' हे जोडूनच बोलावं. मूळ सेटिंगमध्ये पोस्टग्रेसक्यूएल फक्त त्याच मशीनवरून आलेली जोडणी स्वीकारतो; बाहेरची वाट आपण मुद्दाम उघडल्याशिवाय उघडत नाही.

'जगातला सर्वात प्रगत' हे बिरुद नवख्याला काहीच सांगत नाही, ते वगळलेलं बरं. त्याऐवजी असं म्हणा: 'हा ओपन सोर्स डेटाबेस आहे. १९८६ साली बर्कली विद्यापीठात सुरू झालेल्या कामातून तो उभा राहिला. परवान्याला पैसे नाहीत. पट्टी करताना शेतकऱ्याची रक्कम आणि तुमची आडत डेटाबेसच्या एकाच व्यवहारात (ट्रान्झॅक्शनमध्ये) नोंदवली, तर मध्येच लाईट गेली तरी दोन्ही नोंदी होतील, नाहीतर एकही होणार नाही.'