ओएसएम म्हणजे नक्की कुठलं ओएसएम?

ट्रेकच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "हरिश्चंद्रगडाचं ओएसएम आहे का?" एक जण ॲपचा स्क्रीनशॉट टाकतो, दुसरा पीडीएफ. दोघंही बरोबर, आणि विचारणारा होता तिथेच.

कारण ओएसएम दोन आहेत. पहिलं म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप, ते तुम्ही रोज वापरता. २००४ मध्ये सुरू झालेला, लोकांनी मिळून भरलेला नकाशा. बहुतेक ट्रेकिंग ॲप्सच्या पोटात तोच असतो. दुसरं ओएसएम म्हणजे सरकारच्या सर्व्हे ऑफ इंडियाची ओपन सिरीज मॅप: २००५ च्या नकाशा धोरणानंतर सर्वांसाठी खुली झालेली १:५०,००० ची शीट. शीटना नंबर द्यायच्या जुन्या पद्धतीत सिंहगड ४७ एफ/१५ मध्ये येतो. ओपन सिरीजमध्ये सिंहगड, हरिश्चंद्रगडाच्या शीटचा नंबर ई४३ ने सुरू होतो. रंग, खुणा वेगळ्या, त्या बघून कळतात. जीपीएसचे आकडे दोन्हीकडे चालतात.

खरी गोची कंटूरची, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांची. ॲपमध्ये दिसणाऱ्या कंटूर रेषा ओपनस्ट्रीटमॅपच्या नसतातच! त्यात उंचीच्या रेषा कुणी भरत नाही. ॲपवाले त्या बहुतेकदा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीवरून काढतात. साधारण ३० मीटरवर उंचीचा एक आकडा, मधलं सॉफ्टवेअर जुळवतं. पठारावर हे छान चालतं. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर एक आकडा वरचा, पुढचा पार खालचा. मध्ये सॉफ्टवेअर गुळगुळीत उतार काढून मोकळं होतं. कडा चक्क आत वळलेला आहे, हे त्याच्या गावीही नाही. सर्व्हेच्या शीटवर रेषा एकमेकींना चिकटतात, कड्याची खूणही असते. पण तिथेही दोन रेषांमध्ये उंचीचं २० मीटरचं अंतर, म्हणजे १५ मीटरचा उभा टप्पा दोन्हीकडे गायब होऊ शकतो. नाळेत, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीत, उतरताना अडकायला एवढा पुरेसा आहे.

वाटांचं मात्र उलटं. शीटवरच्या वाटा सर्व्हे झाला त्या सालच्या. ॲपवरच्या ताज्या, पण ती तुटक रेघ ढोरवाटेवर भरकटलेल्या एखाद्याचा ट्रॅकही असू शकते. मी कड्यासाठी शीट बघतो, वाटेसाठी ॲप, आणि दोघांचं जमलं नाही तर गावातल्या माणसाला विचारतो.

आता पैशाचं. ओपन सिरीजची पीडीएफ सर्व्हे ऑफ इंडियाच्या साइटवर नोंदणी केली की फुकट मिळते. पत्ता .gov.in ने संपतो ना, तेवढं बघा. तरी आमच्यातल्या एकाने ती एका विक्रेत्याकडून दीडशे रुपयांना घेतली. फाइल उघडेना, म्हणून तक्रार केली तर "रिफंड"चा क्यूआर आला. स्कॅन करून पिन टाकला आणि आणखी दोन हजार गेले. यूपीआयचा पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच नाही. त्याने निदान लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला.

आणि छापताना "फिट टू पेज" दाबू नका हो! ए४ वर आक्रसलेल्या शीटवर पट्टी ठेवून लोक अंतर मोजतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. शंभर टक्क्यांवर छापा, मग शीटवरच्या मापपट्टीला खरी पट्टी लावा: एक किलोमीटर बरोबर दोन सेंटीमीटर भरला पाहिजे.