सेल्फ फिरतो पण गाडी स्टार्ट होत नाही : जुन्या कारमधला बिघाड शोधणे

चावी फिरवल्यावर सेल्फ मोटर इंजिनाला नीट फिरवते पण इंजिन स्वतःच्या जोरावर पकडत नाही, असा हा बिघाड. नुसता टक् आवाज येऊन काहीच न फिरणं हा वेगळा प्रकार, तो बॅटरी, केबल किंवा सेल्फचाच असतो आणि तो इथे घेतलेला नाही. जुनी कार म्हणजे कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना आळीपाळीने करंट वाटणारा भाग) असलेली, किंवा त्यानंतरची सुरुवातीची फ्युएल इंजेक्शनची, जिला स्कॅनर लावायला जागाच नाही किंवा लावला तरी फारसं काही कळत नाही. अमेरिकेत ओबीडी-२ चं, म्हणजे स्कॅनर लावायच्या ठरावीक सॉकेटचं, कनेक्शन १९९६ च्या मॉडेलपासून सक्तीचं झालं, त्याआधीच्या गाड्यांचा बिघाड बहुतेक वेळा डोळे, कान, टेस्ट लॅम्प आणि मल्टिमीटर यांनीच शोधावा लागतो.

पेट्रोल इंजिनाला पेटायला तीन गोष्टी लागतात, पुरेसं कॉम्प्रेशन, हवेत योग्य प्रमाणात मिसळलेलं पेट्रोल (वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग, थंड इंजिनाला याहून बरंच जास्त पेट्रोल) आणि नेमक्या वेळी पडणारा करंट, म्हणजे प्लगवरची ठिणगी. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लोक कॉइल (बॅटरीचे व्होल्ट हजारोंत वाढवणारा भाग) बदल, प्लग बदल, पंप बदल असं करत बसतात आणि गाडी तिथेच उभी राहते. त्याचं मुख्य कारण म्हणजे तपासणी चुकीच्या वेळी होते. बिघाड सेल्फ मारतानाच दिसतो, मग मोजायचंही सेल्फ मारतानाच. गाडी गरम झाल्यावरच बंद पडत असेल तर गरम असतानाच बघायचं, थंड झाल्यावर सगळे पार्ट ओकेच दाखवणार.

पहिली तपासणी फुकटची आहे, कान देणे. सेल्फवर इंजिन साधारण २०० आरपीएमने फिरतं आणि प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनवर आला की आवाज किंचित दबतो, त्यामुळे एक ठरावीक लय ऐकू येते. ती लय गेली आणि इंजिन एकदम हलकं, सरसर, एकसारखं फिरायला लागलं तर टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट फिरवणारा पट्टा) तुटलाय असं समजून तिथेच थांबावं, कारण बऱ्याच इंजिनांत बेल्ट गेला की पिस्टन व्हॉल्व्हला भिडतो आणि पुन्हा पुन्हा सेल्फ मारून नुकसान वाढतं. खात्री करायची तर ऑइल भरायचं झाकण काढून आतला कॅमशाफ्ट किंवा रॉकर दिसतो का बघा, दुसऱ्याने अगदी क्षणभर सेल्फ मारला आणि तो हललाच नाही तर प्रश्न संपला. लय आहे पण सेल्फ जड, रेंगाळत फिरतोय तर आधी बॅटरी. उभ्या गाडीत चांगली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, पण खरा आकडा सेल्फ मारताना मिळतो, तेव्हा ती साधारण ९.६ च्या खाली गेली तर सेल्फ कसाबसा फिरतो आणि इग्निशनला (ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेला) किंवा ईसीयूला (इंजिनाच्या कॉम्प्युटरला) मात्र पुरेसे व्होल्ट उरत नाहीत. अशा वेळी चांगल्या प्लगांवरही करंट दिसत नाही आणि बिचाऱ्या कॉइलवर खापर फुटतं.

एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये, मधे मिनिटभर मोटर थंड होऊ द्यावी. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या पाइपमधला धूर स्वच्छ करणारा भाग) असलेल्या गाडीत न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन बसतं, तेही लक्षात ठेवावं.

करंट आधी बघावा असं माझं मत आहे, कारण तो पटकन कळतो. प्लग काढून बॉडीला अर्थ करून बघायची पद्धत सगळीकडे चालते पण तिच्यात एक खोट आहे, उघड्या हवेत करंट सहज उडी मारतो आणि सिलिंडरमधल्या दाबाखाली त्याला खूप जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे बाहेर बारीक पिवळसर ठिणगी दिसली म्हणून इग्निशन पास करू नका. सहा-सात मिमी गॅपचा स्पार्क टेस्टर लावा आणि निळी-पांढरी, टक टक आवाज करणारी ठिणगी मागा. कॉइलचं व्होल्टेज हजारोंत असतं, वायर हातात धरून बघायची नाही, पेसमेकर असलेल्याने तर जवळही जायचं नाही, आणि प्लगचं भोक उघडं असेल तर ठिणगी त्यापासून लांब ठेवायची कारण तिथून पेट्रोलची वाफ येते.

ठिणगी नाही तर आता पॉइंटवाल्या (डिस्ट्रिब्युटरमधे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच असलेल्या) गाडीत सगळ्यात उपयोगी पडणारी गोष्ट, दहा-बारा वॅटचा साधा टेस्ट लॅम्प. तो कॉइलच्या निगेटिव्ह टर्मिनलला आणि अर्थला लावा आणि सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला तर पॉइंट उघड-बंद होतायत, म्हणजे घोटाळा कॉइलच्या हाय टेन्शन (जास्त व्होल्टेजच्या) बाजूला, डिस्ट्रिब्युटरची कॅप, तिच्या आत फिरणारा रोटर किंवा प्लगच्या वायरमधे. लॅम्प पेटलेलाच राहिला तर पॉइंट एकमेकांना टेकतच नाहीयेत किंवा त्यांच्यावर थर बसलाय, बंद पडून असलेल्या गाडीत हे फार होतं आणि बारीक पॉलिश पेपर एकदा ओढून फिलर गेजने गॅप (बऱ्याच चार सिलिंडरवाल्या गाड्यांत साधारण ०.४ मिमी, नक्की आकडा गाडीच्या पुस्तकातून) लावला की गाडी जिवंत होते. लॅम्प पेटलाच नाही तर कॉइलच्या पॉझिटिव्हला सप्लाय आहे का बघा, तिथे आहे तर पॉइंट उघडत नाहीयेत किंवा कंडेन्सर (पॉइंटला जोडलेली छोटी डबी) शॉर्ट आहे. एका लॅम्पने एवढं सांगितल्यावर चार पार्ट विकत आणायची गरज राहत नाही.

ही सगळी मांडणी, बॅटरी-कॉइल-पॉइंट, चार्ल्स केटरिंगच्या कामातून आली, १९१२ च्या कॅडिलॅकमधे इलेक्ट्रिक सेल्फ आणि इग्निशन एकत्र आले आणि पुढची कित्येक दशकं तीच पद्धत चालली. तिच्यातला एक छुपा भाग म्हणजे बॅलास्ट रेझिस्टर, बऱ्याच गाड्यांत तो चालत्या इंजिनात कॉइलला कमी व्होल्ट देतो आणि सेल्फ मारताना बाजूला राहून पूर्ण व्होल्ट जाऊ देतो. त्यावरून दोन लक्षणं कळतात. सेल्फ मारताना इंजिन पकडतं पण चावी सोडली की लगेच मरतं, तर रेझिस्टर तुटलाय. उलट सेल्फ मारताना काहीच नाही आणि चावी सोडण्याच्या क्षणी एक झटका घेतं, तर सेल्फच्या वेळचा सप्लाय येत नाहीये, वायर बघा किंवा इग्निशन स्विच. चावीच्या 'ऑन' पोझिशनला मीटर लावून बसलेल्याला हे कधीच सापडत नाही.

कॅपच्या आतला ओलावा आणि दोन टर्मिनलांमधली केसासारखी काळी रेघ हेही बघावं. ओलावा कोरड्या फडक्याने जातो, ती रेघ जात नाही, करंट तिच्यावरून पळतो, कॅप बदलावीच लागते. वायरी काढून परत लावल्या असतील तर फायरिंग ऑर्डर तपासा (चार सिलिंडरला बहुतेक १-३-४-२), आणि इंजिन कार्बोरेटरमधून मागे थुंकत असेल तर डिस्ट्रिब्युटर अर्ध्या फेऱ्याने उलटा बसलाय का हेही.

पॉइंट नसलेल्या गाडीत क्रँक सेन्सर किंवा डिस्ट्रिब्युटरमधला पिकअप (दोन्ही इंजिनाचं फिरणं ओळखणारे सेन्सर) ते काम करतो. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा थोडासुद्धा हलत नसेल तर संशय तिथे घ्यावा, पुरावा म्हणून नाही, दिशा म्हणून. हे सेन्सर गरम झाल्यावर त्यांची आतली तार तुटल्यासारखी उघडी पडते, थंड झाली की पुन्हा जुळते, म्हणून अर्ध्या तासाने गाडी आपोआप चालू होते आणि मालक म्हणतो काहीच नव्हतं.

करंट ठीक असेल तर पेट्रोल. प्लग काढून टोक बघा. मधे मोटर थंड करत बऱ्याचदा सेल्फ मारूनही कोरडं तर पेट्रोल पोचत नाही, ओलं आणि वास मारणारं तर गाडी ओव्हर (सिलिंडरमधे पेट्रोल जास्त) झालीये किंवा करंट आधीच नव्हता. कार्बोरेटरच्या गाडीत एअर फिल्टर काढून हाताने ॲक्सिलरेटरची लिंक ओढली की घशात बारीक धार दिसली पाहिजे. धार दिसली म्हणजे फ्लोट चेंबरमधे (कार्बोरेटरच्या छोट्या टाकीत) पेट्रोल आहे एवढंच सिद्ध होतं, पंप चांगला आहे असं नाही. धार नसेल तर चेंबरवर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोके द्या, जुन्या पेट्रोलचा चिकट थर बसून नीडल व्हॉल्व्ह (चेंबरमधे पेट्रोल सोडणारी झडप) अडकलेली असते. ओव्हर झालेल्या गाडीत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारावा, पंप करायचा नाही, तसं केलं की अजून पेट्रोल जातं. बराच वेळ ओव्हर राहिली तर पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि कॉम्प्रेशनच पडतं, मग प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमधे चमचाभर ऑइल घातलं की ते परत येतं.

इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन करताच बहुधा दोनेक सेकंद पंपाची गुणगुण ऐकू येते. नसेल तर फ्यूज, रिले, ठोकर लागली की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच, याच क्रमाने जा, पंप शेवटी. गुणगुण आली म्हणूनही पंप पास नाही, रेलमधे (इंजेक्टरांना पेट्रोल देणाऱ्या पाइपमधे) अनेक गाड्यांना २.५ ते ३ बारचा दाब लागतो आणि तो गेजनेच कळतो. थंडीतच चालू न होणाऱ्या गाडीत कूलंट सेन्सर मोजा, २० अंशाला साधारण २ ते ३ किलोओहम आणि ८० अंशाला तीनएकशे ओहम येतं, सेन्सर इंजिन गरम आहे असं सांगत असेल तर ईसीयू पेट्रोल कमी देतो. डॅशबोर्डवर इमोबिलायझरचा (चावी ओळखून चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर हे सगळं सोडून आधी दुसरी चावी लावून बघा.

डिझेलमधे ठिणगीच नाही, हवा वीसएक पटीने दाबून गरम करून त्यात डिझेल उडवतात. म्हणून इथे हीटर प्लग (थंड इंजिनात सिलिंडर तापवणारा प्लग) आणि डिझेलच्या लाइनमधली एअर हेच नेहमीचे दोन. फिल्टर बदलल्यावर किंवा टाकी कोरडी झाल्यावर लाइनमधे एअर धरते, हँड प्रायमर मारून स्क्रू ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत ती काढावी लागते. बऱ्याच जुन्या रोटरी पंपांवर एक सोलेनॉइड (विजेने डिझेल सोडणारी झडप) असतो, त्याला १२ व्होल्ट मिळाले नाहीत तर इंजिन कितीही फिरवा, डिझेल सुटतच नाही. चावी ऑन ठेवून त्याची वायर काढून परत टेकवली तर टिक असा आवाज यायला हवा. हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रे मात्र कधीच मारू नये, तापलेल्या प्लगवर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टनच्या रिंगा तुटू शकतात.