पृथ्वी फिरते म्हणून आपण जमिनीवर टिकतो का?

‘पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून गुरुत्वाकर्षण आहे, थांबली तर आपण तरंगू,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. वाटायला पटण्यासारखं आहे, पण घडतं उलट. जत्रेतल्या चक्रात बसलेल्याला ठाऊक असतं: फिरताना माणूस बाहेर फेकला जातो. म्हणून विषुववृत्तावर गुरुत्वत्वरण (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते) ९.७८ आणि ध्रुवांवर, जिथे फिरण्याचा वेग शून्य, ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग असतं. (फरकात पृथ्वीच्या फुगवट्याचाही वाटा आहे.) पृथ्वी हळूहळू थांबली, तर मुंबईत आपलं वजन किंचित वाढेलच.

ओढ येते वस्तुमानामुळे. चंद्राला स्वतःभोवती फिरायला २७ दिवस लागतात, तरी गिरगाव चौपाटीवरच्या भरतीमागे मुख्यतः त्याचीच ओढ असते. भरतीचं वेळापत्रक बघा: वेळ रोज सरासरी ५० मिनिटांनी पुढे सरकते, चंद्रोदयाचीही तशीच.