मासे सोडायला तलावावर जाण्याआधी दुकानात या

शाळांच्या परीक्षा संपल्या आणि बदल्यांचे आदेश निघाले की आम्हाला ठरलेला फोन येतो. "भाऊ, आम्ही जळगाव सोडतोय. मासे काल मेहरूणला सोडून दिले. रिकामी टाकी घेता का?" टाकी आम्ही घेतोच. पण हा फोन एक दिवस आधी आला असता तर मासे, गोगलगायी, रोपं, रेती सगळं घेतलं असतं आणि धडधाकट माशांचे पैसेही दिले असते.

सोडणाऱ्याची भावना आम्हाला कळते. जीव आहे, मोकळा केला, पुण्य लागलं. पण माशासोबत बादलीतून आणखी काय जातं ते बघा. रोपाच्या पानामागे चिकट, पारदर्शक थेंब दिसतात. ती अंडी असतात, बहुतेकदा फायसा नावाच्या बारक्या गोगलगायीची. ही मूळची उत्तर अमेरिकेची, आता जवळपास जगभर झालेली. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की तोंड डाव्या हाताला येतं, ही तिची खूण. नर-मादी दोन्ही तीच असल्यामुळे एकटी राहिली तरी अंडी घालते. "एकच तर होती हो" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

दुसरा प्रश्न खाऱ्या पाण्याच्या टाकीवाल्यांचा. समुद्र इथून किती लांब, आमच्या टाकीतला खेकडा कुठे जाणार? खरं आहे, तो तापीत सोडला तर मरेल. पण आमचे एक ग्राहक सुट्टीत अलिबागला निघाले होते आणि टाकीतले खेकडे, दगड, रेती सगळं तिथल्या पाण्यात सोडणार होते. म्हणे, जिथला जीव तिथं. तो माल आग्नेय आशियातून आलेला! त्या दगडांच्या भोकांत किडे, स्पंज, शिंपल्यांची पिल्लं काय काय बसलेलं असतं, ते आम्हालाही सगळं ओळखता येत नाही.

असं एखादं पिल्लू नव्या जागी रुजलं तर काय होतं, ते केरळात अष्टमुडी कायलावर, म्हणजे समुद्राला जोडलेल्या मोठ्या सरोवरावर, दिसतं. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा एक शिंपला तिथे इतका माजला की मच्छीमारांनी त्याला नावच दिलं, 'वरत्तन कक्का', म्हणजे परका शिंपला. खांब, दगड, दोर, जिथे टेकायला मिळेल तिथे त्याचे थर. ज्या हिरव्या शिंपल्यांवर आणि 'तिसऱ्या' नावाच्या शिंपल्यांवर लोकांची चूल पेटायची, त्यांची जागा गेली. शिंपले मोजायला गेलात तर वाढलेले दिसतील, प्रकार मात्र घटले. त्याचाच एक अमेरिकी भाऊबंद, काळ्या पट्ट्यांचा, विशाखापट्टणम बंदरात १९६७ सालीच सापडला होता. तोच १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात डार्विनच्या गोद्यांत निघाला, तेव्हा गोद्या बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतावं लागलं. शिंपला संपला, पण आतले बाकीचे जीवही मेले. आपल्याकडे जलपर्णी काढून काढून दमलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

हे शिंपले जहाजांच्या बुडाला चिकटून किंवा तोल राखायला जहाजात भरलेल्या पाण्यातून फिरतात. पण आमचा धंदाही धुतल्या तांदळासारखा नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत मत्स्यालयाच्या दुकानांत विकायला ठेवलेल्या शेवाळाच्या गोळ्यांत झेब्रा शिंपले निघाले. तेव्हापासून बाहेरून आलेले मॉस बॉल आम्ही ठेवत नाही. जिवंत पोवळंही मागू नका. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

आता भावाचं. आमचं रोप बाजारातल्या रोपापेक्षा महाग पडतं, हे रोज ऐकतो. आम्ही प्रत्येक रोप पंधरा दिवस वेगळ्या टबात ठेवतो, अंडी फुटू देतो, पिल्लं वेचतो, मगच विकतो. तरीही घरी नेल्यावर ते आठवडाभर एका बादलीत ठेवा. हे टाळणारेच महिन्याभराने "गोगलगायी आपोआप झाल्या" म्हणून येतात, आणि आमचा मुलगा रविवारी त्यांच्या घरी काच घासत बसतो. आपोआप काही होत नाही, बरं का.

टाकी धुताना गोड्या टाकीचं पाणी कुंड्यांना किंवा परसातल्या केळीला घाला, झाडं खूश होतात. नाल्यात नको. खाऱ्या टाकीचं पाणी झाडांना अजिबात नको, ते मोरीत सोडा. रेती आणि दगड गच्चीवर पसरा. आपल्या मे महिन्याच्या उन्हात चार दिवसांत त्यातलं काही जिवंत उरत नाही. पावसाळ्यात मात्र उकळतं पाणी ओता. उरलेली रोपं पूर्ण वाळवून मग कचऱ्यात टाका.

मासा कुठून घेतलाय ते आम्ही विचारत नाही, दुसऱ्या दुकानातला असला तरी आणा. न्यायला डबा नसेल तर झाकणाची बादली आमच्याकडून घेऊन जा. बादली तेवढी परत आणा, गेल्या वर्षी सात गेल्या.