ईस्ट पॅलेस्टाइन रेल्वे दुर्घटना व रेल्वे कंपनीचे उत्तरदायित्व

घातक रसायने वाहून नेणारी मालगाडी रुळांवरून घसरली, तर झालेल्या हानीसाठी रेल्वे कंपनीला कुठपर्यंत जबाबदार धरता येते, याची अमेरिकेतील अलीकडची सर्वांत मोठी कसोटी ईस्ट पॅलेस्टाइनच्या दुर्घटनेने पाहिली. ३ फेब्रुवारी २०२३ रोजी रात्री नऊच्या सुमारास ओहायो राज्यातील या गावात नॉरफोक सदर्न कंपनीच्या मालगाडीचे ३८ डबे घसरले. अपघातात कोणी दगावले नाही. मात्र तीन दिवसांनी व्हिनाइल क्लोराइडच्या पाच टाक्या मुद्दाम फोडून त्यातील रसायन पेटवण्यात आले आणि काळ्या धुराचा तो लोट जगभरच्या दूरचित्रवाणीवर दिसला. पुढच्या दोन वर्षांत कंपनीने भरपाई, दंड व साफसफाईपोटी अब्जावधी डॉलरच्या घरातील खर्च अंगावर घेतला. मात्र अपघात ज्या नियमांच्या अभावामुळे घडू शकला, ते नियम बव्हंशी संसदेत अडकून राहिले.

ईस्ट पॅलेस्टाइन हे पेनसिल्व्हेनियाच्या सीमेला खेटून असलेले, पाच हजारांहून कमी वस्तीचे गाव. रूळ गावाच्या मधूनच जातात. घसरलेली गाडी इलिनॉयमधील मॅडिसनहून पेनसिल्व्हेनियातील कॉनवे यार्डकडे निघाली होती आणि तिला जवळपास दीडशे डबे होते. घसरलेल्यांपैकी ११ डब्यांत घातक पदार्थ होते. पीव्हीसी बनवण्यासाठी लागणारे आणि कर्करोगकारक ठरलेले व्हिनाइल क्लोराइड पाच टाक्यांत मिळून सुमारे १ लाख १५ हजार गॅलन, म्हणजे ४ लाख ३७ हजार लिटरच्या आसपास होते. त्याखेरीज ब्युटाइल ॲक्रिलेट, एथिलहेक्झिल ॲक्रिलेट, आयसोब्युटिलीन अशी इतर रसायनेही होती. गाडीवर चालक, कंडक्टर व शिकाऊ कंडक्टर असे तिघे होते. तिघांनी इंजिने सोडवून दूर नेली आणि ते बचावले. गाडीचा वेग मर्यादेतच होता व त्यांच्या हातून चूक झाल्याचे तपासात निघाले नाही.

कारण होते तापलेले बेअरिंग, म्हणजे भारतीय रेल्वेतले कर्मचारी ज्याला ‘हॉट ॲक्सल’ म्हणतात तेच. तेविसाव्या डब्यात प्लॅस्टिकचे दाणे भरलेले होते. त्याच्या एका चाकाचे बेअरिंग निकामी होत चालले होते. रुळाशेजारी बसवलेली तापमापक यंत्रे जाणाऱ्या प्रत्येक बेअरिंगचे तापमान टिपतात व ते भोवतालच्या हवेपेक्षा किती जास्त आहे, हे सांगतात. सेब्रिंग येथे हा फरक ३८ अंश फॅरनहाइट होता. तिथून सुमारे दहा मैलांवर सेलम येथे तो १०३ अंशांवर गेला. पुढचे यंत्र वीस मैलांवर, थेट ईस्ट पॅलेस्टाइनच्या तोंडाशी होते. तिथे आकडा २५३ निघाला आणि इंजिनात धोक्याची घंटा वाजली. चालक अगोदरच वेग कमी करत होता, त्याने ब्रेक आणखी लावला, पण तोवर धुरा मोडला होता. सेलमजवळच्या एका कॅमेऱ्यात डब्याखालची आग आधीच टिपली गेली होती.

या तीन आकड्यांत उत्तरदायित्वाचा निम्मा प्रश्न आहे. नॉरफोक सदर्नच्या नियमानुसार १७० अंशांच्या वर गेल्यावर गाडी थांबवून तपासायची आणि २०० च्या वर गेल्यास तो डबा गाडीतून काढून ठेवायचा. त्यामुळे सेलमच्या १०३ अंशांवर गाडी थांबवण्याचा प्रश्नच आला नाही. बेअरिंग किती तापल्यावर गाडी थांबवावी आणि दोन यंत्रांत किती अंतर असावे, यासाठी केंद्र सरकारचा नियम नव्हता, प्रत्येक कंपनी ते आपले आपण ठरवत असे. साहजिकच ‘नियम मोडला’ असे म्हणायला कंपनीने मोडलेला नियमच सापडत नव्हता. शिवाय यंत्र बाहेरून मोजते आणि आतले बेअरिंग त्याहून बरेच जास्त तापलेले असू शकते, हे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने नंतर स्पष्ट केले.

टाक्या पेटवण्याचा निर्णय

दुसरा निम्मा प्रश्न ६ फेब्रुवारीचा. व्हिनाइल क्लोराइडच्या टाक्यांत बहुवारिकीकरण सुरू झाले आहे, म्हणजे रेणू एकमेकांना जोडले जाऊन उष्णता वाढत आहे आणि टाकीचा स्फोट होऊन लोखंडाचे तुकडे मैलभर उडतील, अशी भीती कंपनीने बोलावलेल्या कंत्राटदारांनी घातली. उपाय म्हणून टाक्यांना स्फोटकांनी भोके पाडायची, द्रव खणलेल्या खड्ड्यात सोडायचा आणि तो पेटवून द्यायचा. घटनास्थळाचे नियंत्रण गावच्या अग्निशमन दलाच्या प्रमुखाकडे होते. त्याला होकार-नकार द्यायला तेरा मिनिटे देण्यात आली. राज्यपाल माइक डिवाइन यांच्यासह इतर अधिकाऱ्यांनाही चित्र तेवढेच दाखवले गेले. सायंकाळी साडेचारनंतर टाक्या फोडल्या. त्याआधी मैलभर परिसरातील सुमारे दोन हजार लोकांना घरे सोडावी लागली होती व पेटवण्यापूर्वी हे क्षेत्र आणखी वाढवले गेले.

व्हिनाइल क्लोराइड बनवणाऱ्या ऑक्सिव्हिनाइल्स कंपनीचे तज्ज्ञ घटनास्थळी येऊन पोहोचले होते. बहुवारिकीकरण चालू नाही, असे त्यांचे मत होते आणि ते नॉरफोक सदर्नच्या माणसांना सांगितलेही होते. ज्या टाकीची सर्वांत जास्त भीती होती, तिचे तापमान उतरत चालले होते. ज्याच्या नावावर निर्णय जाणार होता, त्या अग्निशमन प्रमुखापर्यंत यातले काहीच पोहोचले नाही. सुरक्षा मंडळाने २५ जून २०२४ रोजी ईस्ट पॅलेस्टाइनमध्येच बैठक घेऊन निष्कर्ष जाहीर केले: टाक्या पेटवण्याची गरज नव्हती आणि कंपनी व तिच्या कंत्राटदारांनी विरोधी मत निर्णय घेणाऱ्यांपासून दडवल्यामुळे ते घडले. कंपनीने हे मान्य केले नाही. ऑक्सिव्हिनाइल्सच्या स्वतःच्या सुरक्षा-पत्रकात उष्णतेने बहुवारिकीकरणाचा धोका लिहिलेला होता, हा तिचा बचाव होता आणि तो अगदीच पोकळ म्हणता येत नाही. पण तेरा मिनिटांत एका छोट्या गावच्या अग्निशमन प्रमुखाने रसायनशास्त्राचा वाद सोडवावा ही अपेक्षा कुणाच्या सोयीची होती, हे उघड आहे. मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेंडी यांनी चौकशीदरम्यानच्या कंपनीच्या वर्तनावर जाहीरपणे कडक टीका केली. मंडळाच्या मते पहिली आग भडकण्यात जुन्या डॉट-१११ बनावटीच्या टाक्या फुटण्याचा वाटा होता आणि ज्वालाग्राही द्रवांसाठी त्या लवकर बाद कराव्यात, अशी शिफारस त्याने केली.

पुढची दोन वर्षे साफसफाई चालू होती. ८ फेब्रुवारीला लोकांना घरी परतायला परवानगी मिळाली आणि त्याच सुमारास गाड्याही सुरू झाल्या. दूषित माती न काढता तिच्यावरच नवे रूळ टाकले होते. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या दट्ट्यानंतर मार्चपासून ते रूळ पुन्हा उखडून खालची माती काढावी लागली. वर्षाच्या अखेरीपर्यंत १ लाख ६७ हजार टनांहून अधिक माती हलवण्यात आली. सल्फर रन आणि लेस्ली रन या ओढ्यांत सुमारे ४३ हजार मासे व इतर जलचर मेल्याचा अंदाज राज्याच्या निसर्गसंपदा विभागाने दिला.

कायद्याची चौकट

अमेरिकेत रेल्वे कंपन्या खासगी आहेत, पण त्यांना ‘सामान्य वाहक’ मानले जाते. घातक माल नेण्यास त्या एरवी नकार देऊ शकत नाहीत. जबाबदारीची चर्चा निघाली की कंपन्या हा मुद्दा पुढे करतात. दुसऱ्या बाजूला १९८०चा ‘सुपरफंड’ कायदा आहे. त्याखाली प्रदूषण करणाऱ्याचा दोष सिद्ध करावा लागत नाही, साफसफाईचा खर्च त्याच्याकडून वसूल होतो. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी पर्यावरण संस्थेने याच कायद्याखाली कंपनीला आदेश दिला. सफाई करा, अन्यथा आम्ही करू आणि तिप्पट वसूल करू, असा त्याचा आशय होता. कंपनीने निमूटपणे सफाई केली. या प्रकरणात सर्वांत जलद चाललेले हत्यार हेच.

नागरिकांच्या दाव्यांची वाट अधिक खडतर असते. असे दावे राज्यांच्या कायद्यांवर उभे असतात आणि १९७०च्या रेल्वे सुरक्षा कायद्यामुळे केंद्राचे नियम राज्यांच्या कायद्यांवर मात करतात. १८ जानेवारी २००२ रोजी नॉर्थ डकोटातील मायनॉट येथे कॅनेडियन पॅसिफिकच्या गाडीतून अमोनिया बाहेर पडला, एक जण मरण पावला व अनेकांच्या फुप्फुसांना इजा झाली. त्यांचे दावे याच तरतुदीवर बोट ठेवून न्यायालयांनी फेटाळले. अखेर २००७मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) कायदा दुरुस्त केला व तो मायनॉटच्या तारखेपासून लागू केला. ६ जानेवारी २००५ रोजी साउथ कॅरोलायनातील ग्रॅनिटव्हिल येथे नॉरफोक सदर्नच्याच गाडीतून क्लोरीन सुटून नऊ जण मेले. रूळ बदलणारा सांधा चुकीच्या बाजूला ठेवल्यामुळे गाडी बाजूच्या लोहमार्गावर गेली होती. प्रदूषणाबद्दल कंपनीने भरलेला दंड ४० लाख डॉलर होता.

कॅनडाच्या क्विबेक प्रांतातील लाक-मेगांतिक येथे ६ जुलै २०१३ रोजी खनिज तेलाची बिनचालक गाडी घरंगळत गावात घुसली आणि ४७ जण जळून मेले. तिच्या कंपनीचा विमा अवघा अडीच कोटी कॅनेडियन डॉलरचा होता. ती दिवाळखोरीत गेली आणि भरपाईचा निधी इतर कंपन्यांच्या वर्गणीतून उभा करावा लागला. फौजदारी खटला तीन कर्मचाऱ्यांवर चालला, तिघेही २०१८मध्ये निर्दोष सुटले. नॉरफोक सदर्नची तिजोरी मोठी होती, २०२२मध्ये तिचा नफा तीन अब्ज डॉलरहून अधिक होता. ईस्ट पॅलेस्टाइनच्या लोकांचे नशीब एवढ्यापुरते तरी बरे.

भारतात ही कसोटी वेगळी आहे, कारण इथे वाहक म्हणजे सरकारच. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६मध्ये धोकादायक उद्योगासाठी ‘पूर्ण दायित्वाचे’ तत्त्व मांडले. त्यात दैवी आपत्ती वा त्रयस्थाचा दोष असे अपवादही चालत नाहीत. अमेरिकी न्यायालये इतक्या टोकाला जात नाहीत.

खटले, तडजोडी आणि हिशेब

ओहायो राज्याने १४ मार्च २०२३ रोजी आणि अमेरिकी न्याय विभागाने त्याच महिन्याच्या अखेरीस खटले भरले. २३ मे २०२४ रोजी केंद्र सरकारशी ३१ कोटी डॉलरहून अधिक रकमेची तडजोड जाहीर झाली. त्यात जलप्रदूषणाबद्दल दिवाणी दंड दीड कोटी, वीस वर्षे चालणाऱ्या आरोग्य कार्यक्रमासाठी अडीच कोटी आणि भूजल, ओढ्यांचे पाणी व पिण्याचे पाणी यांच्या देखरेखीसाठी मिळून सुमारे तीन कोटी डॉलर होते. बाकीची मोठी रक्कम साफसफाईची होती, तिच्यातील बराच भाग अगोदरच खर्च झालेला. निव्वळ दंड म्हणून हाती लागलेले दीड कोटी कंपनीच्या दोन दिवसांच्या नफ्याइतकेही नव्हते.

रहिवाशांच्या सामूहिक दाव्यात ६० कोटी डॉलरची तडजोड झाली व सप्टेंबर २०२४मध्ये न्यायाधीश बेनिटा पिअर्सन यांनी ती मंजूर केली. वीस मैलांतील लोकांना मालमत्तेच्या हानीसाठी आणि दहा मैलांतील लोकांना शारीरिक त्रासासाठी दावा करता येत होता. दोन मैलांच्या आतील कुटुंबाला ७० हजार डॉलरपर्यंत मिळणार होते, वकिलांचा वाटा १६.२ कोटी होता. शारीरिक त्रासाची भरपाई घेणाऱ्याला पुढे याच कारणाने दावा करण्याचा हक्क सोडावा लागत होता. कर्करोगकारक रसायनाचे परिणाम दिसायला वीस-वीस वर्षे लागतात, त्यामुळे या अटीवरून गावात तट पडले. एप्रिल २०२५मध्ये ज्यूरीने ही रक्कम नॉरफोक सदर्नने एकट्याने भरावी असा निकाल दिला. डब्याची मालक गॅटएक्स आणि रसायनाची उत्पादक ऑक्सिव्हिनाइल्स यांच्या गळ्यात वाटा घालण्याचा प्रयत्न फसला. गावाच्या नगरपालिकेशी २.२ कोटी डॉलरवर जानेवारी २०२५मध्ये मिटले. कंपनीने या तडजोडींत चूक कबूल केलेली नाही.

फौजदारी कारवाई कोणावरही झाली नाही. मुख्य कार्यकारी अधिकारी ॲलन शॉ यांनी मार्च २०२३मध्ये सिनेट समितीपुढे माफी मागितली. त्यांचे पद गेले ते सप्टेंबर २०२४मध्ये, आणि तेही कंपनीच्या मुख्य विधी अधिकाऱ्याशी असलेल्या संबंधांमुळे. गावाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

सिनेटर शेरॉड ब्राउन आणि जे. डी. व्हान्स या वेगवेगळ्या पक्षांच्या ओहायोच्या प्रतिनिधींनी मार्च २०२३मध्ये रेल्वे सुरक्षा विधेयक मांडले. तापमापक यंत्रांसाठी केंद्रीय नियम, जास्त दंड आणि गाडीवर किमान दोन माणसे अशा त्याच्या तरतुदी होत्या. समितीत ते संमत झाले, सभागृहात मतदानाला आले नाही. दोन माणसांचा नियम मात्र केंद्रीय रेल्वे प्रशासनाने एप्रिल २०२४मध्ये स्वतःहून जारी केला. तापमानाबाबत कंपन्यांच्या संघटनेने आपण होऊन सर्व मोठ्या कंपन्यांसाठी १७० अंशांची समान मर्यादा ठरवली आणि यंत्रांतील अंतर सरासरी पंधरा मैलांवर आणण्याचे जाहीर केले. नॉरफोक सदर्नने सुमारे दोनशे नवी यंत्रे बसवण्याचे ठरवले. ही मर्यादा ३ फेब्रुवारी २०२३च्या रात्री लागू असती, तरीही सेलमचे १०३ अंश तिच्या आतच राहिले असते. सेलमच्या पुढे, गाव येण्याआधी, आणखी एक यंत्र असते तर कदाचित चित्र बदलले असते.