स्पॅनिश शैलीतील घरांचा जीर्णोद्धार

स्पॅनिश शैलीतील घरांचा जीर्णोद्धार : जुन्या घराचे मूळ रूप न मोडता ते आजच्या राहणीला योग्य करण्याचे काम. ही नोंद कॅलिफोर्नियातील घरांपुरती आहे. १९१५ साली सॅन दिएगोत भरलेल्या पनामा-कॅलिफोर्निया प्रदर्शनातील वास्तुविशारद बर्ट्रम गुडह्यू यांच्या इमारतींनी ही शैली लोकप्रिय केली. २९ जून १९२५ च्या भूकंपानंतर सँटा बार्बराचा मध्यभागही याच शैलीत पुन्हा उभा राहिला. वास्तुविशारद जॉर्ज वॉशिंग्टन स्मिथ यांनी शेजारच्या माँटेसिटोत बांधलेले ‘कासा देल हेरेरो’, म्हणजे ‘लोहाराचे घर’, हा तिचा उत्तम नमुना. आता ते संग्रहालय आहे.

पांढरा गिलावा, लाल कौले, कमानी, आतला चौक आणि घडीव लोखंडाचे गज एवढ्यावर हे घर ओळखू येते. पण त्याचा खरा जीव भिंतीच्या जाडीत आहे. यातली पुष्कळ घरे मुळात लाकडी सांगाड्याची, त्यामुळे ही जाडी बरीचशी भासवलेली असते. खिडकी भिंतीत खोल बसवल्यामुळे कडेला सावली पडते आणि भिंत दणकट भासते. म्हणूनच जुनी खिडकी काढून प्लास्टिकची खिडकी बाहेरच्या पृष्ठभागाशी सपाट बसवली की सावली जाते आणि घर पुठ्ठ्याचे वाटू लागते. इतके मोठे नुकसान दुसऱ्या कोणत्याही एका चुकीने होत नाही. लाकडी चौकटीचा कुजलेला तुकडा कापून तेवढाच नवा सांधता येतो. लोखंडी खिडकीचा गंज खरवडून, बिजागऱ्या मोकळ्या करून ती पुन्हा चालती करता येते.

छपराचेही तसेच. कोकणातल्या नळीच्या कौलांसारखी ही अर्धगोल कौले एक पालथे, एक उताणे अशी रचतात. गळती लागली की दोष बहुधा कौलांचा नसतो. खालचा डांबरी कागद जीर्ण झालेला असतो. कौले एकेक करून उतरवायची, कागद बदलायचा आणि तीच कौले परत चढवायची, ही योग्य रीत. फुटलेल्यांच्या जागी नवी लागतात, ती पालथ्या रांगांखाली झाकली जातील अशी उताणी घालावीत. वरच्या जुन्या कौलांचा कमी-अधिक भाजलेला रंग तसाच दिसत राहतो.

गिलावा गवंड्याच्या थापीने उठवलेला असतो, त्याचा उंचसखलपणा घासून काढू नये. मातीच्या कच्च्या विटांची भिंत असेल तर सिमेंटचा लेप घातकच : ओल आत कोंडते आणि विटा भुसभुशीत होतात. तिथे चुना किंवा मातीच हवी.

जुनी वायरिंग बदलणे आणि लाकडी सांगाडा पायाला बोल्टने जखडणे ही भूकंपप्रदेशातली टाळता न येणारी कामे. ती तळघरातून आणि फरशीखालून केली की दर्शनी भागाला धक्का लागत नाही. अमेरिकेच्या अंतर्गत व्यवहार खात्याच्या (डिपार्टमेंट ऑफ द इंटिरियर) मानकांनुसार दुरुस्ती शक्य असेल तिथे बदल करू नये. नवी वाढीव खोली मूळ घराशी जुळावी, पण नवी म्हणून ओळखूही यावी. कॅलिफोर्नियाच्या १९७२ च्या मिल्स कायद्यानुसार ऐतिहासिक घर जपण्याचा किमान दहा वर्षांचा करार करणाऱ्या मालकाला मालमत्ता करात सवलत मिळू शकते.

रंगीत फरशांचे काम सर्वांत नाजूक. मालिबूच्या ॲडम्सन हाउसमध्ये फरशांचाच इराणी गालिचा आहे, कडेच्या झालरीसकट. त्या घडवणारा मालिबू पॉटरीज हा कारखाना १९३२ मध्ये बंद पडला. अशी फरशी फुटली तर तिचे तुकडे जपून सांधावे लागतात, नाहीतर कारागिराकडून तोच रंग, तीच झिलई नव्याने जुळवून घ्यावी लागते.